इथंच बरंय

कॉफीच्या यंत्राखाली कप ठेवून प्राध्यापकानं बटण दाबलं आणि दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला. बहिणीचा निरोप होता. नेहमीचंच काहीतरी असणार असं धरून तो ऐकू लागला: बाबांच्या गोळ्या, भाचीची परीक्षा, नळाला पाणी नाही. निरोप लहानसाच होता. "दादा, बाबांनी तुझं ते व्याख्यान बघितलं. सगळं बघितलं. पोरीनं दर वाक्याला थांबवून भाषांतर करून सांगितलं त्यांना. मध्ये उठलेसुद्धा नाहीत. आज संध्याकाळी फोन कर म्हणालेत. विसरू नकोस हं." मागं भाची हसत हसत काही बोलत होती, ते काही नीट ऐकू आलं नाही. कप भरून यंत्र थांबलं होतं. ते थांबल्याचं त्याला कळलं नाही, त्यानं पुन्हा बटण दाबलं आणि कॉफी कपाच्या काठावरून, जाळीवरून, त्याच्या बुटांवर गेली. शेजारी उभ्या असलेल्या विभागप्रमुख बाईंनी पटकन चार कागदी रुमाल काढून दिले आणि विचारलं, "काही वाईट बातमी?" तो म्हणाला, "छे, घरचाच निरोप." त्याचे कान तापले होते. रुमालांनी बूट पुसताना तो खाली वाकला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकूनच राहिला, कारण वर तोंड केलं तर बाईंना त्यावरचं सगळं वाचता आलं असतं.

घरापासून हजारो मैलांवरच्या या विद्यापीठात तो आपल्या देशाचं साहित्य शिकवत असे. माहितीपत्रकात त्या विषयाचं नाव पाऊण ओळ लांब होतं आणि त्यात देश, साहित्य आणि ओळख हे तिन्ही शब्द होते. मनातल्या मनात तो त्याला 'आमचं दुकान' म्हणायचा. दहा-बारा विद्यार्थी असायचे. कुणाला आपली भाषा थोडी यायची, बहुतेकांना भाषांतरावर भागवावं लागायचं. दुकान बरं चाललं होतं. इतकं बरं, की यंदा विद्यापीठानं गावातल्या लोकांसाठी ठेवलेल्या व्याख्यानमालेत त्याला बोलावलं, मोठ्या सभागृहात त्याचं बोलणं चित्रित केलं आणि ते सगळ्या जगाला दिसेल असं इंटरनेटवर टाकलं. टाकलं त्या दिवशी त्याला वाटलं होतं, जगाला दिसू दे, घरच्यांना थोडंच समजणार आहे. तिथं कोण बसतंय परक्या भाषेतलं तासाभराचं व्याख्यान ऐकत. भाची दोन वर्षं हीच भाषा शिकतेय, तिच्या शिकवणीचे पैसे आपणच पाठवतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. म्हणजे ध्यानात होतं, पण ते एका कप्प्यात आणि व्याख्यान दुसऱ्या कप्प्यात. हुशार माणसं असे कप्पे फार करतात आणि मग एखादी सोळा वर्षांची पोरगी येऊन मधली फळी काढून टाकते.

व्याख्यान एका शब्दावर होतं. मिंधा. या शब्दाला तुमच्या भाषेत प्रतिशब्द नाही, असं म्हणून तो सुरुवात करायचा, आणि समोरच्यांचे चेहरे लगेच पुढं झुकायचे. प्रतिशब्द नाही म्हटलं की या लोकांना भरून येतं. ज्याच्यावर कुणीतरी उपकार केलेले आहेत आणि त्या उपकारांमुळं ज्याची मान वर होत नाही, तो मिंधा. मग थोडं थांबून, चष्मा काढून, तो म्हणायचा, "मी तुम्हाला पुस्तकातलं उदाहरण देणार होतो. पण घरातलंच देतो." त्याचे वडील टाइपरायटर दुरुस्त करायचे. कचेऱ्या-कचेऱ्यांतून हत्यारांची पेटी घेऊन फिरायचे. मुलगा मोठ्या शाळेत जावा म्हणून एका रविवारी ते त्याला घेऊन त्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या घरी गेले. दिवाणखान्यात फिकट रंगाचा कोच होता. मुख्याध्यापक म्हणाले, वर बसा. वडील बसले नाहीत. दाराजवळ, भिंतीला पाठ लावून, जमिनीवर बसले. मुख्याध्यापक पुन्हा म्हणाले, अहो, वर बसा. वडील म्हणाले, "इथंच बरंय." हे दोन शब्द तो आपल्या भाषेत म्हणायचा, तसेच फळ्यावर लिहायचा आणि त्यांच्यापुढं खडू काही क्षण तसाच टेकवून ठेवायचा. शाळेत प्रवेश मिळाला. उठल्यावर वडील वळले नाहीत. मुख्याध्यापकांकडं तोंड ठेवून, मागं मागं चालत, दारापर्यंत गेले आणि तसेच बाहेर पडले. त्या संध्याकाळी घरी आतल्या खोलीत आई बराच वेळ रडत होती. "आमचं सगळं साहित्य," तो म्हणायचा, "त्या कोचाच्या आणि त्या जमिनीच्या मध्ये जेवढी जागा आहे, तेवढ्यात घडतं." सभागृहात या वाक्यानंतर जी शांतता पसरली होती ती चित्रणातसुद्धा ऐकू येत होती. त्यानं ती स्वतः दोनदा ऐकली होती.

पहिल्यांदा त्यानं हे सांगितलं तेव्हा ठरवून सांगितलं नव्हतं. इथं आला त्या पहिल्या वर्षी वर्ग जांभया देत होता, एक कादंबरी मुलांच्या गळी उतरत नव्हती, तिच्यातला कारकून साहेबापुढं एवढा का वाकतो हे त्यांना काही केल्या कळेना. तेव्हा त्याच्या तोंडून निसटून गेलं की माझे वडीलसुद्धा एकदा असेच जमिनीवर बसले होते. एवढंच. एक वाक्य. पण जांभया थांबल्या. एका मुलीनं पेन खाली ठेवलं. त्या दिवशी घरी जाताना त्याला हलकं वाटलं आणि हलकं का वाटलं याचा विचार त्यानं केला नाही. पुढच्या वर्षी वाक्याचा परिच्छेद झाला. तिसऱ्या वर्षी गोष्टीतल्या मुख्याध्यापकांचा एक पाय हलायला लागला, कोचाचा रंग ठरला. मागं मागं चालणं खरं होतं, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. जमिनीवर बसणंही खरं होतं. आईचं रडणं मात्र... आतल्या खोलीतून आवाज येत होता हे खरं. अकरा वर्षांचा तो बाहेरच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून निजला होता, डोक्यावरून पांघरूण घेतलं होतं, आणि आतून आईचा दाबलेला, धापा टाकल्यासारखा आवाज येत होता. माणूस रडताना तसा आवाज येतो. आणखीही कशानं तसा आवाज येतो, पण त्याचा विचार करायची वेळ आली नव्हती. एक गोष्ट तेवढी त्यानं कधीच सांगितली नाही, कारण ती कुठंच बसत नव्हती: मुख्याध्यापकांच्या घरून परत येताना वडिलांनी दोन्ही हात मागं घेऊन एक वर्तमानपत्र धरलं होतं, उघडं, पूर्ण पसरलेलं, आणि बसथांब्यापर्यंत ते तसेच चालले होते. तो दहा पावलं पुढं चालत होता. हा माणूस माझा कुणी नाही असं रस्त्यावरच्यांना वाटावं म्हणून तो पुढं चालत होता. वर्तमानपत्राचा अर्थ लागत नाही म्हणून व्याख्यानातून ते गाळलं. गाळलेल्या गोष्टी किती नेमक्या लक्षात राहतात.

बूट ओले घेऊनच तो वर्गात गेला. विद्यार्थ्यांनी आज व्याख्यान बघून यायचं होतं, तसं त्यानंच सांगितलं होतं. पुढच्या बाकावर ती बारीक चणीची मुलगी होती, जिला कशानंही भरून यायचं. त्यानं तिचं नाव हळवी ठेवलं होतं. तिच्या मागं वकील. वकील खरा वकील नव्हता, पण दर तासाला एक असा प्रश्न विचारायचा की उत्तर देताना शपथ घेतल्यासारखं वाटावं. आज हळवीनं आधी हात वर केला आणि त्याच्या भाषेत, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखं म्हणाली, "सर, मिंधा शब्दाचा स्त्री... स्त्रीलिंग काय?" तो म्हणाला, "मिंधी." ती म्हणाली, "मी मिंधी नाही," आणि वर्ग हसला, तोही हसला. मग वकिलानं विचारलं, "सर, तुम्ही हे सगळ्यांसमोर सांगता, हे तुमच्या वडिलांना माहीत आहे का? त्यांना काय वाटतं?"

माहीत आहे, कालपासून माहीत आहे, हे उत्तर होतं. काय वाटतं ते दुपारी कळेल. एवढं सरळ होतं. "माझे वडील," तो म्हणाला आणि त्याचा घसा अडकला. कोरडा पडला, बाकी काही नाही. त्याला एकदम दिसलं की बाबा बहिणीच्या घरी खुर्ची पुढं ओढून बसले आहेत, भाची चित्र थांबवतेय, सांगतेय, चालू करतेय, आणि पडद्यावर आपण चष्मा काढतोय. त्यानं पाण्याचा पेला उचलला. पण या मुलांना त्यानंच तीन महिने शिकवलं होतं की आमच्या साहित्यात जे बोललं जात नाही ते वाचायचं. त्यांनी वाचलं. तो इतकी वर्षं वडील 'होते', वडील 'करायचे' असंच बोलत आला होता, तेही त्यांनी जमेला धरलं असणार. हळवीनं तोंडावर हात ठेवला. वकील लाल झाला आणि म्हणाला, "माफ करा सर. मला माहीत नव्हतं. फार वाईट वाटलं ऐकून." प्राध्यापकानं पाणी गिळलं. अरे, तसं नाही, जिवंत आहेत, ठणठणीत आहेत, एवढंच म्हणायचं होतं. तो म्हणाला, "असू दे."

असू दे. हे काय, कशालाही म्हणतात. पायावर पाय पडला तरी म्हणतात. तासभर तो पुढं शिकवत राहिला आणि ते दोन शब्द त्याच्या तोंडात करपलेल्या भातासारखे राहिले. दुरुस्त करायला अजून वेळ आहे असं त्यानं दर दहा मिनिटांनी स्वतःला सांगितलं. तास संपला. मुलं उठली ती आवाज न करता उठली, खुर्च्या उचलून आत सरकवल्या, आणि वकील जाताना त्याच्या खांद्याला ओझरता हात लावून गेला. वीस वर्षांच्या मुलानं सांत्वन करावं आणि आपण ते घ्यावं, एखाद्या भामट्यासारखं. त्यानं घेतलं. आपल्या खोलीत येऊन दार लावून तो कोट न काढताच बसला.

तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची दुपार. फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला, म्हणजे बाबा फोन मांडीवर घेऊनच बसले होते.

"हां, बोल. जेवलास?"

"हो. तुम्ही कसे आहात?"

"मला काय धाड भरलीय. कोट छान होता रे तुझा. पण केस फार गेले. वरच्या दिव्यात नुसतं चमकत होतं सगळं."

"बाबा, ते व्याख्यान..."

"बघितलं की. पोरीनं घाम गाळला अगदी. पण किती माणसं रे, आणि सगळी गप्प. मी म्हटलं, आता हसतील, आता हसतील. कोणी हसेचना."

"हसतील कशाला?"

"अरे, मागं मागं चालत गेलो ते सांगितलंस ना? मी पोरीला म्हटलं, थांब, आता पँटचं येईल. तर तू भलतीकडंच गेलास, साहित्य काय, जागा काय. संपलं की व्याख्यान."

"कुठल्या पँटचं?"

बाबा हसायला लागले. आधी हसले, मग खोकले, मग खोकत खोकतच सांगायला लागले. मुख्याध्यापकांच्या जिन्यात ते वाकले होते. तुझे मोजे वर करायला वाकलो, ते मेले सारखे घसरायचे, आणि चर्र. मागची शिवण उसवली ती कमरेपासून थेट खालपर्यंत. आता मागं फिरावं तर रविवारचं त्यांनी मुद्दाम वेळ काढून बोलावलेलं. म्हटलं, भिंतीला पाठ लावून बसलं की झाकलं. तर ते वर बसा, वर बसा, सोडेनात. कोचावर बसायचं तर त्यांच्यासमोरून आडवं जायला लागणार. "मग निघताना काय करू? आलो मागं मागं. दारापर्यंत पोचतोय तोवर तू जिन्यात पळालास. दारात मी त्यांच्या कानात सांगितलं, असं असं झालंय. तो माणूस इतका हसला, इतका हसला, आत जाऊन वर्तमानपत्र घेऊन आला. म्हणाला, हे धरा मागं, आजचंच आहे, मी वाचलंय. तुझ्या आईनं तर रात्री सुईत दोरा ओवायला अर्धा तास लावला. हसण्यानं हातच थरथरत होते तिचे. पुढं वर्षभर येईल जाईल त्याला सांगायची. तुला कसं माहीत नाही?"

प्राध्यापक खिडकीपाशी गेला. खिडकीबाहेर एक माणूस झाडाखाली सायकलला कुलूप लावत होता, त्याला कुलूप लागत नव्हतं. वर्तमानपत्र. दोन्ही हात मागं, पूर्ण पसरलेलं. आईचा दाबलेला आवाज. ते घरात वर्षभर हसत होते आणि तो विषय निघाला की आपण उठून जायचो, कारण निघाला कसला विषय हे ऐकायच्या आतच आपल्याला कळलेलं असायचं. मुख्याध्यापकांचं नाव निघालं की दुसऱ्या खोलीत. टाइपरायटर म्हटलं की दुसऱ्या खोलीत. असं करत करत तो या खोलीपर्यंत आला होता.

"अरे, आहेस का?" बाबा म्हणाले. "मला वाटलं तू मुद्दाम तसं सांगितलंस. व्याख्यानात रंगवून सांगावं लागतं म्हणून." मग त्यांच्या आवाजातलं हसू हळूच कमी झालं. "म्हणजे तुला खरंच तसं वाटलं होतं?"

"मी लहान होतो बाबा."

"लहान होतास, हो." ते म्हणाले. "पण नंतर? एवढी वर्षं?"

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. बाबांनी दोनदा घसा साफ केला. "बरं, राहू दे," ते म्हणाले. "तू सांगतोस तेच सांगत जा. तुझं चालतंय ना त्याच्यावर? चालू दे. उसवलेल्या पँटचं काय शिकवणार मुलांना." हे त्यांनी चिडून म्हटलं नाही, चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते हत्यारांच्या पेटीतून एखादं हत्यार काढून देतात तसं म्हणाले, घे, तुला लागतंय तर वापर. आणि त्यांना कुणाचं गप्प बसणं फार वेळ सहन होत नसे, म्हणून लगेच म्हणाले, "नाहीतर असं कर. गुरुवारी असतो ना तुझा वर्ग? मी फोन लावतो, चित्राचा. मीच सांगतो त्यांना. पोरगी भाषांतर करेल, तिचाही सराव होईल. हसू देत जरा. एवढी शिकलेली पोरं आणि तोंडं बघ कशी सुतकी. चालेल ना?"

"चालेल," तो म्हणाला.

गुरुवारपर्यंत त्यानं ते वाक्य बसमध्ये, अंघोळ करताना, दाढी करताना म्हणून पाहिलं. माझ्या बोलण्यातून गैरसमज झाला, माझे वडील हयात आहेत. साधं वाक्य होतं, त्यात एकही कठीण शब्द नव्हता. वर्गाला तसं लिहून कळवावं म्हणून त्यानं दोनदा टाइप केलं आणि दोनदा पुसलं. मुलं काय म्हणतील याची भीती होतीच, विभागप्रमुख बाईंपर्यंत जाईल याचीही होती, पण खरी अडचण वेगळी होती आणि ती त्याला बसच्या काचेत स्वतःचं तोंड दिसलं तेव्हा नीट कळली. बाबा जिवंत असले तर बाबा बोलणार. आणि बाबा बोलले तर ते मिंधे नव्हते, कधीच नव्हते, त्यांनी मुख्याध्यापकांना दारात हसवलं होतं. मग इतकी वर्षं त्या खोलीत मिंधा कोण बसला होता? अकरा वर्षांचा एक मुलगा, मोजे घसरलेला, ज्याला बापाची लाज वाटली. त्याच लाजेला तो पुढं साहित्य म्हणू लागला आणि लोकांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. कॉलेजात मित्रांना त्यानं सांगितलं होतं की वडील यंत्रसामग्रीच्या धंद्यात आहेत. नंतर, गरिबीला मान आहे हे कळल्यावर, तेच वडील त्यानं जमिनीवर आणून बसवले. दोन्ही वेळा बाबांना कुणी विचारलं नव्हतं. बसमध्ये उभ्या उभ्या त्याला इतकी शरम वाटली की त्यानं दांडी सोडली आणि पुढच्या बाईच्या अंगावर आदळला. ती म्हणाली, काही हरकत नाही. या देशात लोक लगेच माफ करतात.

गुरुवारी सकाळी बहिणीचा निरोप आला. बाबांनी दाढी केलीय, इस्त्रीचा शर्ट घातलाय, कॅमेऱ्यात पँट दिसणार नाही म्हटलं तर म्हणाले, असू दे, पँटपण चांगली घालतो, विषयच तो आहे. त्यानं तो निरोप जिन्यात वाचला आणि मनाशी ठरवून वर्गात शिरला.

टेबलावर एक दुमडलेला जाड पांढरा कागद उभा करून ठेवला होता. आत आपल्या लिपीत, पेन्सिलनं आखलेल्या आणि खोडलेल्या रेघेवर, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: सर, तुमच्या वडीलांच्या दुख्खात आम्ही आहोत. खाली सगळ्यांच्या सह्या होत्या, काही त्यांच्या लिपीत, काही आपल्या. "अक्षर माझं आहे," हळवी म्हणाली. "चार कागद फुकट गेले." सगळे त्याच्याकडं बघत होते. त्याला आधी दिसल्या त्या ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि जोडाक्षराच्या चुका, आणि एवढ्या प्रसंगात आपल्याला चुका दिसतात याचीही त्याला लाज वाटली. "फार सुंदर लिहिलंय," तो म्हणाला. "आभारी आहे." वाक्य तयार होतं. पण आभार मानल्यानंतर ते कसं म्हणायचं? त्यानं ठरवलं की आधी पँटचं सांगावं. हशा होईल, हवा मोकळी होईल, आणि त्या हशातच म्हणावं की थांबा, हे ज्यांनी मला सांगितलं ते आता फोनवर येतायत.

म्हणून त्यानं सांगितलं. घसरणारे मोजे, जिना, चर्र. चांगलं सांगितलं, त्याला सांगता येतच होतं. मागच्या बाकावरच्या एका मुलाच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि तो जागच्या जागी आणला. दुसरं कुणी हललंच नाही. हळवीचे डोळे भरून आले होते.

"हे त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं?" तिनं विचारलं.

"अलीकडंच."

"म्हणजे शेवटी," ती म्हणाली. "किती मोठ्या मनाचे होते. तुम्ही आयुष्यभर ते ओझं वाहिलंत हे त्यांना माहीत होतं. म्हणून जाता जाता ही गोष्ट रचली, तुम्हाला मोकळं करायला."

"रचलेली नाही," प्राध्यापक म्हणाला.

"तुम्हीच शिकवलंत ना सर," वकील हलक्या आवाजात म्हणाला, "की तुमच्याकडं माणूस आपला अपमान विनोदात लपवतो. आम्ही त्यावर निबंध लिहिला." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. त्यांनी अगदी बरोबर वाचलं होतं, त्यानं शिकवलं होतं तसंच. वर्तमानपत्राचं सांगायला हवं होतं. ते सांगितलं असतं तर त्यांना मानावंच लागलं असतं, कारण वर्तमानपत्र त्यानं स्वतः पाहिलं होतं. ते त्याच्या जिभेवर आलंही. आणि तेवढ्यात त्याला जाणवलं की आपल्याला बरं वाटतंय. या मुलांनी व्याख्यान वाचवलं होतं. बाबा जमिनीवर होते तिथंच राहिले होते, कोच कोचाच्या जागी, आणि वर पँटची गोष्टसुद्धा त्यात मावली होती, आता तर ते आणखी चांगलं झालं होतं. पुढच्या वर्षी हे असंच सांगता येईल, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. तो आला हे त्याला कळलं. त्यानं तो पाहिला, आणि त्याला आपल्या हातांकडं बघवेना.

खिशात फोन थरथरू लागला. त्यानं तो बाहेर काढला. काचेवर बाबांचा फोटो होता, बहिणीच्या गच्चीत काढलेला, उन्हानं डोळे बारीक केलेला, हसरा. हळवी पहिल्या बाकावर होती, तिला दिसलं असतं. त्यानं फोन पालथा करून टेबलावर ठेवला. तो लाकडावर घरघरत थोडा थोडा सरकत राहिला.

"घ्या ना सर," वकील म्हणाला. "आम्ही थांबतो."

"नको. महत्त्वाचा नाहीये." त्यानं पुस्तक उघडलं. "कारकून साहेबाच्या खोलीत शिरतो, तिथून वाचू या." मुलांनी पानं उलटली. फोन थांबला. पानं सापडली तेवढ्यात पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी सगळा वर्ग, शिकवल्यासारखा, खाली माना घालून त्याच्या थांबण्याची वाट बघत बसला. पुष्कळ वेळ वाजला. मग एका मुलीनं वाचायला सुरुवात केली आणि ती फार छान वाचत होती.

तास संपल्यावर तो जिन्याच्या वळणावर येऊन उभा राहिला. बाबांनी स्वतः निरोप बोलून ठेवला होता, फोन तोंडाशी फार जवळ धरून, त्यामुळं श्वासासकट. "अरे, लागत नाहीये. पोरगी म्हणते तुझ्याकडं रेंज नसेल. असू दे, जाऊ दे. तूच सांग त्यांना मग पँटचं. मोज्यांपासून सांग, तिथून मजा येते. आणि मला कळव, हसली का पोरं. मी बसलोय."

वरून विद्यार्थी उतरत होते. त्याला वाट देण्यासाठी ते भिंतीच्या बाजूनं, एकामागून एक, अगदी हळू जात होते. त्यांच्या पाठी दिसेनाशा होईपर्यंत तो थांबला. मग त्यानं फोन तोंडाजवळ धरला आणि बटण दाबलं.

"सांगितलं बाबा," तो म्हणाला. "खूप हसली."